बाळ कामाले गेलं

अक्का, कावळा लगेच शिवला.

तुझ्या गजाननने पिंड मांडला, हात जोडले आणि चार पावलं मागे सरकला, तेवढ्यात समोरच्या बाभळीवरचा कावळा खाली उतरला तो सरळ पिंडावरच. लोक अजून नदीच्या गोट्यांवर नीट उभेही राहिले नव्हते. सगळ्यांना बरं वाटलं. तुझी चुलत सासू म्हणाली, "भाग्याची बाई. जीवात काही अडकलं नव्हतं तिच्या." बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी घड्याळं पाहिली, आणि माणसं परत पिंपळगावच्या वाटेला लागली.

मी तिथेच उभी राहिले. मला तुझा राग आला होता. दहाव्याच्या दिवशी कुणी मेलेल्या माणसावर रागावतं का? मी रागावले. कारण मी बोलायचं पाठ करून आले होते. गजाननला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, कावळा नाही शिवला तर मला पुढे बोलव, तुझ्या आईच्या मनात काय राहिलंय ते मला ठाऊक आहे. त्यानं विचारलं, मावशी, काय राहिलंय? मी म्हटलं, ते मी तिथेच बोलेन. सगळ्यांच्या देखत बोलायचं होतं मला ते. तू मला तेवढीही उसंत दिली नाहीस. म्हणून आता हे लिहितेय.

कुठून सुरू करू? आपल्या घरापासूनच करते. संग्रामपूरच्या पुढे, सातपुडा दिसतो त्या बाजूचं आपलं दोन खणांचं घर. बाबा हंगामभर खामगावच्या जिनिंगमध्ये, माय रोज दुसऱ्याच्या शेतात, कधी निंदायला, कधी कापूस वेचायला. तू दहा वर्षांची, मी चार. तुझी शाळा चौथीतच सुटली, कारण मला कोण सांभाळणार? हे मला फार उशिरा समजलं. लहानपणी मला वाटायचं, अक्काला शाळा आवडत नाही, तिला माझ्याशी खेळायला आवडतं.

खेळणं नावाची वस्तू आपल्या घरात एकही नव्हती, आणि तरी सकाळी माय बाहेर पडली की दहा मिनिटांत घरभर खेळणी व्हायची. परात उपडी घातली की डोंगर, उताणी करून पाणी घातलं की तळं. सुपात बसवून तू मला जमिनीवरून ओढायचीस, ती माझी मोटार. पिठाची चाळणी तू दारातल्या उन्हात धरायचीस आणि भिंतीवर चांदण्या पडायच्या. तू चाळणी हलवलीस की सगळं आभाळ हलायचं. मायच्या जुन्या लुगड्याची झोळी, डब्याच्या झाकणांच्या थाळ्या, रवीची नवरी. ज्वारीची धांडी चुलीशेजारी रचलेली असायची, त्यातली दोन-चार घेऊन तू बैलगाडी करायचीस. धांड्याची साल सोलून त्याच्या पट्ट्या, आतल्या पांढऱ्या गाभ्याचे तुकडे, पट्टी तुकड्यात खुपसायची की झालं. ना खिळा, ना डिंक. ती साल बोटाला कापते. तुझ्या डाव्या हाताच्या बोटांवर कायम बारीक रेघा असायच्या. मला साल सोलू द्यायची नाहीस.

आणि संध्याकाळी सगळं मोडायचं. निंबाची सावली ओट्याच्या कडेला टेकली की तू उठायचीस. सूप खुंटीला, चाळणी पिठाच्या डब्यावर, रवी मडक्यात, लुगडं घडी करून बाजेवर. बैलगाडी चुलीजवळ परत. रात्रीच्या भाकरीला ती जळायचीच. मी रडायचे. तू म्हणायचीस, उद्या नवी करू, बैल बदलून. माय शेतातून यायची तेव्हा घर सकाळी होतं तसंच असायचं आणि आपल्याला वाटायचं, तिला काही माहीत नाही. मायने शेवटच्या दिवसांत मला सांगितलं होतं. एकदा ती दुपारीच परत आली, दारातून आपला सगळा पसारा पाहिला, आणि घागर उचलून पुन्हा विहिरीवर गेली. तिथे उगाच बसून राहिली, सावली पुढे सरकेपर्यंत. हे मी तुला कधी सांगितलं की नाही आठवत नाही. सांगितलं नसेल तर आता ऐक.

माझं बाळ म्हणजे पाट्यावरचा वरवंटा. शेजारच्या बारशाला बायकांनी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवलेला तू पाहिलास, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणालीस, चाल, तुले बाळ देतो. फडक्यात गुंडाळलेला तो काळा दगड मला उचलवायचा नाही, म्हणून तू मला भिंतीला टेकवून बसवलंस आणि मांडीवर ठेवलास. केवढा गार होता. केवढा जड. कुणाच्याच बाहुलीला तेवढं वजन नव्हतं, अक्का. खरं बाळ मांडीवर घेतलं ना मी पुढे, तेव्हा पहिल्यांदा तोच वरवंटा आठवला.

पण तिन्हीसांजेला मायला मिरच्या वाटायच्या असत. फडकं सोडून बाळ पाट्यावर जायचं, लसणावरून, मिरच्यांवरून, घरघर आवाज करत. पहिल्या दिवशी मी असा हंबरडा फोडला म्हणे की शेजारची आजी काठी टेकत आली. तू मला बाहेर ओट्यावर नेलंस, डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "रडू नको वं. बाळ कामाले गेलं. सकाळी येईन."

मला पटलं, बाळ सकाळी येईल. सगळेच कामाला जात होते आपल्याकडे. माय जायची, बाबा गेलेले होते. बाळही जाणार. सकाळी तू वरवंटा धुऊन, फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवायचीस. बाळ आलं. किती दिवस चाललं हे? मला वाटतं दोन पावसाळे तरी.

आणि तो तिखटाचा दिवस. तुला पाण्याला जायची घाई होती, वरवंटा नीट धुतला गेला नव्हता. मी उठल्या उठल्या बाळाचा मुका घेतला. ओठ पेटले. मी नाचत होते, थुंकत होते, तुला मारत होते, तूच तिखट लावलंस म्हणून. तू गुळाचा खडा शोधलास, डबा रिकामा. तेल लावलंस, उपयोग नाही. मग काय सुचलं तुला कुणास ठाऊक, तू त्याच वरवंट्याला आपले ओठ टेकवलेस. चांगले दाबून. आणि मग आपण दोघी ओट्यावर बसलो, तोंडं उघडी टाकून, हा हा करत, लाळ गाळत, आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागल्यावर मला हसू फुटलं. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही. नवऱ्यानं नाही, लेकीनं नाही. मी सांगतेय ते खरं आहे.

तुझं लग्न होऊन तू पिंपळगाव राजाला गेलीस, मी शिकले. डी.एड. झालं, नोकरी लागली, चिखलीत घर झालं. "मले" म्हणणाऱ्या पोरांना मी वीस वर्षं "मला" म्हणायला शिकवतेय. तू हसायचीस त्याला. म्हणायचीस, पोट्ट्यांच्या तोंडातली भाषा काढून काय भरून राह्यली वं त्यात? मी चिडायचे. तू चिडवायचीस म्हणून चिडायचे आणि बरोबर बोलतेस म्हणून जास्त चिडायचे.

आता ते सांगते, जे नदीवर सांगायचं होतं.

तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. माझा विषय 'टाकाऊतून टिकाऊ'. तू डोळे तपासायला चिखलीत आली होतीस. येताना पिशवीत धांडी आणली होतीस, माझ्या लेकीला गाडी करून दाखवायला. माझ्याकडे प्रदर्शनासाठी काय होतं? बाटल्यांची झाकणं चिकटवलेला एक तक्ता आणि कागदी कपांचा घोडा, तोही एका बाजूला कलंडलेला. तू दुपारभर गॅलरीत बसलीस. चष्म्याचा नंबर वाढलेला, साल बोटात घुसत होती, तरी संध्याकाळपर्यंत बैलगाडी झाली. दोन बैल, जू, साटा, फिरणारी चाकं. लेकीनं ती उचलून घेतली तर तू म्हणालीस, राहू दे माय, ती तुह्या आईच्या कामाची हाय, तुले दुसरी देतो.

दुसऱ्या दिवशी तुला घरी एकटी कुठे ठेवू, म्हणून सोबत नेलं. तू भिंतीजवळच्या खुर्चीवर बसलीस, मांडीवर माझी पर्स आणि पाण्याची बाटली. पाहुणे साहेब आले, माझ्या टेबलाशी थांबले आणि गाडी हातात घेतली. चाक फिरवून पाहिलं. म्हणाले, "वा मॅडम. हे कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "प्रशिक्षणात, सर."

आठ-दहा वर्षं झाली त्याला. माझ्या तोंडून ते का आलं याचा मी खूप विचार केलाय. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका शेजारी उभ्या होत्या. साहेबांच्या मागे फोटो काढणारा होता. आणि तू त्या खुर्चीवर, डोक्यावरून पदर, पायात प्लॅस्टिकच्या चपला, वाकून माझ्याकडेच पाहत होतीस. हसत होतीस. साहेब आता माझं, तुझ्या धाकट्या बहिणीचं, नाव विचारतील या आनंदात हसत होतीस, हे मला नंतर कळलं. साहेबांनी खरंच तुझ्याकडे पाहून विचारलं, या कोण? आणि मी म्हटलं, "त्या माझ्यासोबत आल्यात."

त्या. माझी अक्का, आणि मी म्हटलं त्या.

मला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र अजून आहे घरात, फ्रेम केलेलं. परत येताना ऑटोतही माझी पर्स तुझ्याच मांडीवर होती. घरी आल्यावर चहा घेतलास आणि मग म्हणालीस, "टाकाऊ काऊन म्हणून राह्यली वं तू त्याले? आपल्या घरी कोणती वस्तू टाकाऊ होती?"

मी म्हटलं, तसं नाव असतं विषयाचं, वरून येतं. तू म्हणालीस, वरच्यांना काय माहीत. सूप टाकाऊ होतं का? चाळणी होती का? वरवंटा नसता तर जेवलो असतो का आपण? आपण खेळायला घ्यायचो ते सगळं कामाचं होतं, म्हणून तर संध्याकाळी परत द्यावं लागायचं. धांडं पण टाकाऊ नव्हतं, भाकर व्हायची त्यावर. मी म्हटलं, अक्का, तू उगाच शब्दाला धरून बसलीस. तू म्हणालीस, मी धरून बसली की तू? पुढचे दोन दिवस आपण यावरच भांडलो. स्वयंपाक करताना, भांडी घासताना. तू हट्टी, मी तुझ्याहून हट्टी. आणि दोघींनाही चांगलं माहीत होतं की भांडण दुसऱ्याच गोष्टीचं आहे. तिसऱ्या दिवशी तुला जीपमध्ये बसवून दिलं. खिडकीतून हात बाहेर काढून तू माझा गाल धरलास, नेहमीसारखा. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. त्यानंतर तू कितीदा आलीस, पण धांडी कधी आणली नाहीस. माझी लेक मागायची. तू म्हणायचीस, डोळ्याले दिसत नाही आता. दिसत होतं तुला. सुईत दोरा ओवायचीस तू. मी ते पाहायचे आणि गप्प बसायचे. माफी मागायची तर आधी काय केलं ते बोलावं लागलं असतं, आणि ते बोलण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. पोरांना फळ्यासमोर उभं करून खरं बोलायला लावणारी मी.

पोटाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी गजाननला बाजूला घेऊन सांगितलं, आणि त्यानं मला फोन केला. शेवटचं भेटले तेव्हा दुपार होती. तू बाजेवर, एवढीशी झालेली. मी शेजारी बसून काय बोलले? शाळेतल्या खिचडीबद्दल. बदल्यांबद्दल. लेकीच्या क्लासबद्दल. ते वाक्य ओठांवर होतं, खरंच होतं, मी दोनदा तोंड उघडलं. तुला दिसलं असावं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, आणि हळूच म्हणालीस, "अजून तिखट लागून राह्यलं का वं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या गडबडीत ते वाक्य निसटलं. मग तूच म्हणालीस, जीप चुकीन, निघ. मी निघाले. त्या वेळी तू मला माफ करत होतीस का, अक्का? की नुसतीच चिडवत होतीस? कावळा एवढ्या लवकर शिवला म्हणून लोक म्हणतात, तुझ्या जीवात काही अडकलं नव्हतं. असेलही. तू तशीच होतीस. मग माझ्या जीवात अडकलंय त्याचं मी काय करू? माझ्यासाठी कोणता कावळा येणार आहे?

दहाव्याहून निघताना तुझी सून वरवंटा घेऊन आली. मायच्या घरचा, तू लग्नानंतर मागून नेलेला तो. म्हणाली, मावशी, आमच्याकडे मिक्सरच आहे, सासूबाई एकट्याच वाटायच्या यावर, तुम्ही न्या. मी टॉवेलात गुंडाळला आणि चिखलीपर्यंत मांडीवर घेऊन आले. तेवढाच गार होता. आता उचलवला मला, एवढाच फरक. घरी आल्यावर टॉवेल सोडला आणि ओठ टेकवून पाहिले. धुतलेला होता स्वच्छ. तिखट जराही लागलं नाही. ते लागायला हवं होतं गं.

सोमवारी शाळेत गेले. तिसरीचा वर्ग. मागच्या भिंतीवर माझ्याच हातची रंगीत अक्षरं, 'टाकाऊतून टिकाऊ'. मी खुर्चीवर चढून ती एकेक काढली. पोरं बघत होती, मॅडम हे काय करतायत. मग पिशवीतून टॉवेलातला वरवंटा काढला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे काय आहे?

टॉवेल सोडल्यावर सगळी ओरडली, वरवंटा. मी म्हटलं, नाही, बाळ. हसली सगळी. मग मी त्यांना सांगितलं सगळं. परात, सूप, चाळणीच्या चांदण्या, धांड्याची गाडी, आणि संध्याकाळी सगळं जिथल्या तिथं ठेवायचं ते. सांगताना माझ्या तोंडात आपली बोली कधी आली ते मला कळलंच नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, मॅडम "मले" म्हणतात म्हणून. एक जण तर तोंडावर हात ठेवून बसला.

प्रशिक्षणाची गोष्टही सांगितली. साहेब, बक्षीस, खुर्चीवरची तू. आठ वर्षांच्या पोरांना त्यातलं काय कळणार? पण सांगितलं. मग मी म्हटलं, "हे सारं मले माह्या अक्कानं शिकवलं." मोठ्यानं म्हटलं. व्हरांड्यातून मुख्याध्यापिका जात होत्या, त्या थांबल्या. मी पुन्हा एकदा म्हटलं.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, दोन वेण्यांची, भारी चौकस. तिनं हात वर केला. वरवंट्याकडे बघत विचारलं, "मॅडम, तुमची अक्का आता कुठी हाय?"

मी वरवंट्याला टॉवेल गुंडाळत होते. हात थांबले.

"कामाले गेली," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, पुढचं ऐकायला. पुढचं मला पाठ आहे, अक्का. चार वर्षांची होते तेव्हापासून पाठ आहे. सकाळी येईन. दोनच शब्द आहेत. मी तोंड उघडलं, आणि मला ते म्हणता आले नाहीत.